साहेब झोपले आहेत

सेलूला आमच्या घरमालकांच्या फाटकावर एक पाटी होती. तिच्यावर नाव नव्हतं, पदवी नव्हती, ‘कुत्र्यापासून सावध’ हेही नव्हतं. विजेच्या डब्यावर ‘धोका’ लिहितात तशा लाल, ठसठशीत अक्षरांत एवढंच होतं: ‘साहेब झोपले आहेत. शांतता राखा.’ पाटी सकाळी असायची, दुपारी असायची, आणि साहेब स्वतः फाटकात उभं राहून भाजीवालीशी हुज्जत घालत असले तरी त्यांच्या डोक्यामागे असायचीच. भाजीवाली म्हणायची, “साहेब, झोपंत बोलायलात का काय?” साहेबांना थट्टा कळत नसे. ते मान वळवून पाटीकडं बघत आणि म्हणत, “जुनी आहे ती. पण पेंट बघ, अजून पापुद्रा सुटला नाही.”

मी तिथल्या कॉलेजात इतिहास शिकवायला गेले आणि त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत काही वर्षं राहिले. पुढं परभणीला नोकरी मिळाली आणि सेलू सुटलं. अजूनही कुणी तिकडचं भेटलं की विचारतं, घरमालक कसे होते? वक्तशीर होते, असं मी सांगते. चांगले होते म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि वाईट होते म्हटलं तर त्यांचा तो शेवटचा चेहरा डोळ्यापुढं येतो.

साहेबांची सगळी नोकरी येलदरीच्या वीजघरात गेली. धरणाचं पाणी खाली येतं, टर्बाइन फिरवतं, वीज तयार होते; त्या यंत्रांच्या पाळीचे ते प्रमुख इंजिनियर. निवृत्त झाले तरी वीजघर त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझी मुलाखत घेतली.

“लग्न?”

“नाही केलं.”

“म्हणजे नो-लोड,” ते म्हणाले, आणि भाड्याकडं वळले.

माझ्या मस्तकात तिडीक गेली, पण खोल्या हवेशीर होत्या. नंतर कळलं की ते सगळ्यांनाच असं मोजत. समोरचा दुकानदार ‘ओव्हरलोड’, त्याचा आळशी भाऊ ‘स्टँडबाय’, आणि स्वतःचा पुण्यातला मुलगा ‘दुसऱ्या ग्रिडवर गेला’. “लोड टाकल्याशिवाय मशीन कळत नाही, मॅडम,” हे त्यांचं आवडतं वाक्य. दिव्याकडं बघून ते व्होल्टेज सांगत आणि बरोबर सांगत. वीज गेली की गल्ली शिव्या घालायला बाहेर येई आणि साहेब फाटकात उभं राहून वीज जाण्याचं शास्त्रीय कारण समजावून सांगत. अंधारात घामाघूम उभ्या असलेल्या माणसाला कारण नको असतं हे त्यांच्या गावी नसे.

आणि कानात कापूस. पाळीच्या नोकरीतली सवय. सुगीत जिनिंगकडं जाणारे कापसाचे ट्रॅक्टर आमच्या गल्लीतून जात, रस्त्याच्या कडेनं बोरी-बाभळीला कापूस लटकलेला असे. साहेब फिरायला जाताना तो वेचत, दोन बोटांत वळत आणि दोन्ही कानांत बसवत. मग तुम्ही काही विचारा, ते स्वतःला जे सांगायचं तेच सांगत.

अशा माणसाच्या बैठकीत पियानो होता. जुना, काळा, भिंतीला टेकून उभा. सर्द हवेनं लाकूड फुगू नये म्हणून आतमध्ये एक बारका दिवा कायम जळत असे, त्यामुळं फटींतून पिवळा उजेड दिसायचा. दिवेलागणीला साहेब त्याच्यासमोर बसत, कानातला कापूस न काढता, आणि एकच तुकडा वाजवत. रोज तोच. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, शिकतायत. पहिल्या वर्षाअखेर वाटलं, छळतायत.

“ह्याला रॅग म्हणतात,” त्यांनी एकदा सांगितलं. “आपल्या रागाशी काही संबंध नाही, विनोद करू नका, सगळे तोच करतात.” शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी नाचघरांतून ही चाल आणली. हा तुकडा मात्र त्या मानानं नवा, तिकडच्या कुण्या प्रोफेसरानं खूप नंतर जुन्या चालीवर बांधलेला. डावा हात एकसारखा चालतो, खाली एक ठोका, वर एक ठोका, शहाण्यासारखा. उजवा हात मात्र ठोक्यावर येतच नाही. कधी आधी घुसतो, कधी मागं रेंगाळतो.

“डावा हात म्हणजे टर्बाइन,” साहेब सांगत. “गावात लग्न असो, मयत असो, मशीनचा वेग बदलता कामा नये. आणि उजवा हात म्हणजे गाव. कुणी मध्येच दिवा लावतं, कुणी मध्येच विझवतं. गावानं काय वाट्टेल ते करावं, मशीननं हलायचं नाही.”

सिद्धांत उत्तम होता. पण ते वाजवायला बसले की टर्बाइन तेवढी ऐकू यायची. गाव अंधारात असायचं.

आता हा माणूस साठी उलटल्यावर पियानोपाशी का बसला, ते सांगते. पियानो त्यांचा नव्हताच, त्यांच्या बायकोचा, काकूंचा होता. काकूंना मी फक्त फोटोत पाहिलं. हैदराबादच्या एका मराठी घरातली मुलगी, नन्सच्या शाळेत शिकलेली, तिथंच पियानो शिकलेली. लग्न करून येलदरीच्या कॉलनीत आली तेव्हा बापानं पियानो ट्रकात घालून पाठवला. “लोकांना हुंड्यात मोटारसायकल मिळायची, मला हे खोकं मिळालं,” साहेब म्हणत. हसत नसत. तक्रार म्हणूनच सांगत.

कॉलनीत साहेबांना रात्रपाळ्या असत. दिवसा झोप. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एका दुपारी ते झोपेतून उठून बाहेर आले आणि म्हणाले, “माझी झोप आणि तुझं वाजवणं, दोन्ही एका घरात चालणार नाही.” वीजघराच्या पेंटरकडून पाटी रंगवून घेतली आणि क्वार्टरच्या फाटकाला लावली. काकूंनी झाकण लावलं. विषय संपला, असं साहेबांनी धरलं. निवृत्तीनंतर दोघं त्या पाटीसकट सेलूला आली, तेव्हा साहेब चोवीस तास घरात. पियानोवर कशिद्याचा रुमाल आणि त्यावर टीव्ही आला. मग काकू वारल्या.

त्यांच्या तेराव्याला येलदरीचा एक म्हातारा फिटर जेवायला बसला होता. तो सहज बोलून गेला, “बाईसाहेबांचं वाजवणं लय गोड होतं बघा. पार पंपापत्तूर ऐकू यायचं.”

साहेबांनी दुरुस्ती केली. “तिनं लग्नानंतर सोडलं होतं.”

फिटरनं वर बघितलं, काही तरी त्याच्या ध्यानात आलं, आणि तो खाली मान घालून बुंदी खाऊ लागला. साहेब त्याच्यामागं लागले तेव्हा त्यानं एवढंच कबूल केलं की साहेब पाळीवर गेले की बाईसाहेब वाजवायच्या. किती वर्षं? “शेवटापत्तूर की साहेब. तुमी निवृत्त व्हईपत्तूर.” पुढं तोही वारला.

म्हणजे बायकोनं झाकण लावलं होतं ते फक्त नवऱ्यासमोर. सगळ्या कॉलनीनं तिचं वाजवणं ऐकलं. एका माणसानं ऐकलं नाही.

त्यांनी टीव्ही उतरवला. पियानोच्या बाकड्यात, काकूंच्या भावानं अमेरिकेहून पाठवलेले या एकाच तुकड्याचे कागद होते. हाताळून हाताळून कोपरे मऊ झालेले. साहेबांनी ते भिंगाखाली धरून तपासले. पेन्सिलीची एक खूण नाही. इथं हळू, इथं जोरात, इथं थांब, काहीच नाही. “इंजिनियरची बायको आणि एक रीडिंग नोंदवलं नाही,” ते चिडून म्हणत. मग फोनवर व्हिडिओ बघून, एकेक बोट, एकेक सूर, ते हा तुकडा शिकले. त्यात वर्षं गेली. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला वाटलं, ती होती तेव्हा एकदा ‘वाजव’ म्हटलं असतं तर फुकटात ऐकता आलं असतं.

सूर आले, पण अडचण पुढंच होती. हा तुकडा कसा वाजवायचा? जलद वाजवला की नाचाचा होतो, पाय हलतात. जरा सैल सोडला की तीच सुरावट घशाशी येते, नाच चाललाय पण ज्याच्याबरोबर नाचायचं ते माणूस उठून गेलंय, असं वाटतं. कागदावर सूर तेच. साहेबांना ते सहन होत नसे. “दोन्ही कसं असेल? मशीन एक तर चालू असतं, नाही तर बंद.” ते एकदा जलद वाजवत, एकदा सावकाश, आणि जिन्याशी येऊन मला हाक मारत.

“मॅडम, ह्यातलं कोणतं?”

“मला काय माहीत काका, मी काकूंना ऐकलंय का?”

“अंदाज सांगा.”

त्यांना रॅग कळून घ्यायची नव्हती. त्यांना कळून घ्यायचं होतं की ती बाई त्यांच्या घरात सुखात होती की नव्हती. तोंडानं विचारायची हिंमत नव्हती आणि विचारायचं जिला ती राहिली नव्हती, म्हणून सगळा भार त्या तुकड्यावर. जलद असेल तर निर्दोष सुटले, सावकाश असेल तर गेले. मी इतिहासवाली. साक्षीदारांच्या जबान्या कशा असतात ते मला ठाऊक होतं.

त्या वाजवण्यात मला स्वतःला काय आवडायचं ते सांगते, कारण पुढं त्याचा संबंध आहे. तुकड्याचे चार भाग. पहिला दोनदा, दुसरा दोनदा, मग पहिला पुन्हा एकदाच. तो परत आला की वाटतं, चला, घरी आलो. आणि तिथून अचानक तिसरा भाग सुरू होतो, सूर बदलून, खालच्या आवाजात. बैठकीत पाहुणे बसलेले असताना घरातली बाई उगीच स्वयंपाकघरात जाते आणि ओट्याला टेकून क्षणभर उभी राहते ना, काही न करता, तसा तो भाग आहे. साहेब तोही टर्बाइनसारखा वाजवत, तरी मी हातातलं काम ठेवून त्याची वाट बघायची. त्या भागासाठी मी त्यांना बरंच माफ केलं.

पहिली जबानी मुलाची. दिवाळीला फोन आला तेव्हा साहेबांनी स्पीकर लावला, कारण कापूस.

“अरे, आई ते वाजवायची, ते तुला आठवतं का? जलद होतं का सावकाश?”

मुलगा म्हणाला, “बाबा, मला आपल्या घरातलं एकच आठवतं. आवाज करायचा नाही.”

“ते सोड. वाजवणं आठवतं का?”

“मी लवकर होस्टेलला गेलो, बाबा. मीच मागितलं होतं होस्टेल.”

साहेबांनी फोन ठेवला आणि मला सांगितलं, “त्याची मेमरी कमी आहे, लहानपणापासून.”

दुसरी जबानी बँडवाल्या मास्तरांची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या बँडचं दुकान होतं, लग्नसराईत लाल कोट बाहेर वाळत पडलेले असायचे. साहेबांनी त्यांना चहाला बोलावलं, समोर बसवलं आणि तुकडा दोन्ही तऱ्हांनी वाजवून दाखवला. मास्तर गुडघ्यावर बोटं वाजवत ऐकत होते.

“धून झकास हाय, साहेब.”

“आनंदाची का दुःखाची?”

मास्तरांनी बशीतला चहा संपवला. “साहेब, आमी वरातीत बी वाजिवतो आन् पिकल्या पानाच्या मयतीत बी. गुलाल दोन्हीकडं उडतो. धून तीच असती. मान्सं कोणाकडं बघून नाचायलीत, त्याच्यावर हाय सगळं.”

“म्हणजे काय? एक काही तरी सांगा.”

“घोड्यावरच्याकडं बघत असतील तर खुशीची. तिरडीकडं बघत असतील तर तसली.”

साहेबांना हे उत्तर म्हणजे टाळाटाळ वाटली. मास्तर गेल्यावर ते म्हणाले, “अशिक्षित माणूस.” मी कप उचलले आणि आत जाऊन विसळले, नाही तर भांडण झालं असतं.

पण मास्तरांनी धून उचलली. त्यांचा कान मोठा तयार. त्या लग्नसराईत त्यांच्या बँडनं साहेबांच्या तुकड्याचा पहिला भाग ताशाच्या दणक्यावर चढवला आणि तो इतका चालला की सेलू, मानवत, पाथरीकडच्या वराती तोच मागायला लागल्या. अमेरिकेतल्या त्या प्रोफेसराला कळलं असतं तर तो हसला असता की रडला असता, देव जाणे. एका संध्याकाळी वरात आमच्याच गल्लीतून निघाली. साहेब बनियनवर फाटकात आले. मला वाटलं, आता हे मास्तरांच्या अंगावर धावून जाणार. बँड बरोबर त्या पाटीखाली थांबला, ‘शांतता राखा’च्या खाली, आणि पोरं, बायका, नवऱ्याच्या मावश्या, सगळे घामाघूम होऊन त्या रॅगवर नाचले. एक थोराड बाई डोक्यावरचा पदर दातात धरून अशी काही सुंदर नाचली की नवरदेव घोड्यावरून वाकून बघू लागला.

साहेब बघत होते. वरात पुढं गेली तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाले, “तिला नाचता येत होतं का हो?”

मी काकूंना आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि हा माणूस त्यांच्याबरोबर आयुष्यभर राहिला होता. मला त्यांची कीव यायला पाहिजे होती. मला राग आला. मी म्हणाले, “तुमच्याकडं फोटो असेल ना एखादा,” आणि वर निघून गेले.

लग्नसराई संपता संपता मास्तर स्वतः सांगत आले. मानवतला एका लग्नात त्यांनी ही धून वाजवली तर एक म्हातारी बाजूला येऊन म्हणाली, हे गाणं तर आमच्या येलदरीच्या बाईसाहेबांचं, तुमाला कोणी दिलं? स्टोअरकीपरची बायको. कॉलनीत साहेबांच्या क्वार्टरला भिंत लागून त्यांचं क्वार्टर होतं. आता मुलाकडं मानवतला असते, मुलाची कापसाची आडत आहे.

साहेबांनी त्या दिवशी दाढी दोनदा केली. मला म्हणाले, “तुम्ही चला. साक्षीदाराला कसं विचारायचं ते तुम्हाला येतं.” फोनवर त्यांनी दोन तऱ्हा रेकॉर्ड करून घेतल्या होत्या, पहिली जलद, दुसरी सावकाश. एसटीत ते सबंध रस्ता फोन दोन्ही हातांत धरून बसले. गर्दीत कुणाचा धक्का लागला की तो पोटाशी घेत.

त्या म्हाताऱ्या मावशी आडतीच्या मागच्या घरात बाजेवर बसल्या होत्या. साहेब दारात दिसताच त्या उठून उभ्या राहिल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाल्या, “या साहेब.” पण इतक्या हळू आवाजात, की मला ओठ हललेले दिसले फक्त. सुनेला त्यांनी पाणी आणायला सांगितलं तेही खुणेनं.

“जरा मोठ्यानं बोला, मला ऐकू येत नाही,” साहेब म्हणाले, आणि मी पहिल्यांदाच बघितलं, त्यांनी दोन्ही कानांतला कापूस काढला आणि खिशात ठेवला.

फोन वाजला. मावशींनी डोळे मिटून जलद तऱ्हा ऐकली, मग सावकाश तऱ्हा ऐकली.

“ह्यातलं कोणतं?” साहेबांनी विचारलं.

“दोन्ही बी न्हाई.”

“मग कसं?”

“आमाला गाण्यातलं काय कळतंय, साहेब. पन ह्ये लय लांबलचक हाय. बाईसाहेबांचं एवढं नव्हतं.” त्यांनी हातानं खूण केली. “घरचं समदं आवरून, पाळी सुटायच्या जरासं आधी बसायच्या त्या. पयलं गाणं वाजायचं, मग दुसरं. मग पयलं फिरून यायचं. त्ये फिरून आलं की आमाला कळायचं, आता पाळी सुटायचा भोंगा व्हतोय. आमी पोळ्याचा तवा ठेवायचो. मग झाकन.”

“आणि पुढचं? ह्याच्यापुढं अजून दोन भाग आहेत.”

“पुढचं आमी कधी ऐकलंच न्हाई, साहेब. तुमी यायचात ना.”

मी साहेबांकडं बघितलं नाही. तिसरा भाग माझ्या डोक्यात वाजत होता. हातात कागद असून, सूर येत असून, ती बाई आयुष्यभर त्या भागाच्या दारापर्यंत आली आणि भोंगा झाला म्हणून ताट वाढायला गेली. तिथं उभं राहायला तिला एक क्षणही मिळाला नव्हता.

साहेबांनी तरी विचारलंच. माणूस हट्टी. “ते असू द्या. मला एवढंच सांगा. ती वाजवायची तेव्हा... खुशीत वाजवायची का दुःखात?”

मावशींनी पदर सारखा केला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा वर चढला.

“हे तुमी मला इचारायलात, साहेब?”

बाहेर आडतीत कुणीतरी कापसाच्या भावावरून वाद घालत होतं. सुनेनं पाणी आणलं. साहेबांनी ते पिऊन पेला नीट, आवाज न करता, खाली ठेवला.

मावशी आता मला सांगू लागल्या, पोरीला सांगावं तसं. “तवा साहेब झोपलेले असले की पाटी असायची. आमी समद्या बाया त्या फाटकावरून जाताना चपला हातात घ्यायचो. तापल्या रस्त्यानं, उन्हाळ्याचं बी. लेकरं रडाय लागली तर तोंडावर हात. आन् बाईसाहेब झाकन लावायच्या त्ये तर, काय सांगू, भिंत लागून होती तरी मला कधी आवाज आला न्हाई. पाळण्यातल्या लेकराला निजवल्यावानी लावायच्या.”

परतीच्या एसटीत साहेब खिडकीपाशी बसले होते. मी ठरवलं होतं, आज बोलायचं. तुमची झोप किती जणींनी सांभाळली ते मोजा एकदा, असं म्हणायचं. पण त्यांच्याकडं बघितलं तर खिडकीतून रस्त्याचा, ट्रॅक्टरचा, हॉर्नचा सगळा गोंगाट त्यांच्या उघड्या कानांवर पडत होता आणि ते डोळे मिटून तो सोसत होते.

त्या दिवसापासून ते तुकडा अर्धाच वाजवू लागले. पहिला भाग, दुसरा भाग, पहिला फिरून एकदा, आणि थांबणं. काहीच दिवसांत त्यांच्या वाजवण्यात फरक पडला. आता ते भोंग्याकडं कान लावून वाजवत होते. उजवा हात मध्येच घाई करी, मध्येच थबके, कुणी येतंय का बघी. ज्या गावात इतकी वर्षं अंधार होता तिथं एकेक दिवा लागत होता. ते जलद नव्हतं, सावकाशही नव्हतं. इतकं सुंदर त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं, आणि त्याचा मला आनंद झाला असं म्हणणार नाही. एका बाईच्या भीतीवर हा माणूस आता हात बसवत होता.

आणि मला तिसरा भाग पाहिजे होता. मी वर कठड्याला टेकून थांबायची आणि तो यायचा नाही. सेलू सोडायच्या आदल्या संध्याकाळी जादाची किल्ली द्यायला खाली गेले तेव्हा ते वाजवतच होते. पहिला भाग फिरून आला, संपला. साहेबांनी झाकण धरलं आणि खाली आणलं, इतकं हळू की लाकडाला लाकूड लागल्याचं कळलं नाही.

“काका, आज पुढचं वाजवा ना,” मी म्हणाले. “तुम्हाला येतं. आता कोण येणार आहे? वाजवा, तिच्यासाठी तरी.”

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. चेहरा सगळा भिजलेला होता. बोट ओठांवर ठेवलं आणि दुसऱ्या हातानं आतल्या खोलीकडं दाखवलं. तिथं साहेबांचा स्वतःचा रिकामा पलंग होता, त्यावर घडी घातलेली चादर.

“हळू, मॅडम,” ते म्हणाले. “झोपलाय तो.”

मी किल्ली पियानोवर ठेवली आणि बाहेर पडले. जिना चढून वर आले आणि दिव्याचं बटण लावायला हात पुढं केला, तेव्हा लक्षात आलं की माझ्या चपला माझ्या हातात आहेत. संतापानं त्या दाणकन आपटाव्यात म्हणून मी हात वर उचलला, आणि अलगद खाली ठेवल्या.